विसर्जनाचा अर्थ : समुद्रातील तेलप्लॅटफॉर्मांची उत्तरकथा

वापरून झालेल्या वस्तूचे काय करायचे, यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. भांडे मोडीत निघते, पलंग अडगळीत जातो, जुना वाडा पाडला जातो, मूर्तीचे विसर्जन होते आणि माणसाची उत्तरक्रिया होते. या प्रत्येक शब्दामागे वस्तूशी असलेल्या नात्याची एक निराळी कल्पना आहे. मोडीत निघालेल्या वस्तूला किंमत उरते, ती तोलून घेतली जाते. विसर्जित वस्तूला किंमत विचारायची नसते. तिला निरोप द्यायचा असतो. मात्र समुद्रात उभारलेला, तेल आणि वायू संपल्यावर निरुपयोगी झालेला पोलादी प्लॅटफॉर्म हटवण्याच्या प्रक्रियेला आपल्या भाषेत रूढ शब्द नाही. उद्योगाच्या परिभाषेत तिला 'डीकमिशनिंग' म्हणतात आणि वृत्तपत्रे तोच शब्द देवनागरीत छापतात. ज्या गोष्टीला शब्द नाही, तिच्याविषयी समाजात चर्चाही सहसा नसते. या लेखात आम्ही त्या चर्चेचा इतिहास पाहणार आहोत. हा इतिहास मुख्यतः सागरी कायद्याचा आणि पर्यावरणशास्त्राचा असला, तरी त्याच्या मुळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे : आपण उभारलेल्या गोष्टीची जबाबदारी आपल्यावर कुठवर राहते?

विसर्जन या शब्दापासूनच आरंभ करू. मातीच्या मूर्तीच्या विसर्जनात एक गृहीत आहे : पाणी ती वस्तू परत स्वीकारते. शाडूची माती पाण्यात विरते आणि जिथून आली तिथे जाते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींनी हे गृहीत मोडले. ती मूर्ती विरघळत नाही, रंगातली रसायने मात्र पाण्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये आणि नंतर सुधारित स्वरूपात २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यावर महाराष्ट्रात किती वाद झाले हे वाचक जाणतातच. या वादाचा मथितार्थ असा की, वस्तू बदलली आणि विधी मात्र तोच राहिला. 'समुद्राला अर्पण' ही भावना पोलाद, सिमेंट, पारा आणि तेलकट गाळ यांना लागू होत नाही. तरीही विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात जगाच्या तेल उद्योगाने समुद्राकडे पाहिले ते याच भावनेने. फरक इतकाच की तिथे उत्तरपूजाही नव्हती.

आपल्या समुद्रातील कथा तशी अलीकडची आहे. १९७० मध्ये खंबातच्या आखातातील आलिया बेटावर तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाने समुद्रातील पहिली विहीर खोदायला घेतली. १९७३ मध्ये जपानमध्ये बांधलेली 'सागर सम्राट' ही खोदकामाची रिग दाखल झाली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर 'बॉम्बे हाय' या क्षेत्रात तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. जागतिक तेलसंकटाने १९७३ मध्ये देशाचे कंबरडे मोडलेले असताना लागलेला हा शोध म्हणजे राष्ट्रीय आत्मविश्वासाचा प्रसंग होता. एक रुपयाच्या नोटेवर 'सागर सम्राट'चे चित्र आले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात देशातील खनिज तेलाच्या उत्पादनापैकी अर्ध्याहून अधिक वाटा याच क्षेत्राचा होता. उरणच्या किनाऱ्यापर्यंत नळ टाकले गेले आणि समुद्रात एकामागून एक पोलादी प्लॅटफॉर्म उभे राहिले. आज पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात लहानमोठ्या अशा बांधकामांची संख्या शेकड्यांत आहे. त्यांतील कित्येकांचे आयुष्य बांधतेवेळी पंचवीस वर्षांचे धरले होते. ती मुदत उलटून गेल्यावरही डागडुजी करून ती वापरात आहेत.

या उभारणीच्या काळात शेवटाचा विचार कोणी केला होता का? जागतिक कायद्यात तो होता, पण कागदावर. १९५८ च्या जिनिव्हा परिषदेत झालेल्या भूखंडमंचाविषयीच्या कराराने सोडून दिलेली वा निरुपयोगी झालेली सर्व बांधकामे संपूर्णपणे काढलीच पाहिजेत, असे निःसंदिग्ध बंधन घातले. त्या वेळी समुद्रातील बांधकामे उथळ पाण्यात होती आणि लहान होती, म्हणून असे बंधन घालणे सोपे होते. पुढे उत्तर समुद्रात शंभर-दीडशे मीटर खोल पाण्यात प्रचंड काँक्रीटचे आणि पोलादाचे मनोरे उभे राहिले. मग कायद्याचा आवाज मऊ झाला. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने (भारताने त्यास १९९५ मध्ये मान्यता दिली) साठाव्या कलमात बांधकामे काढण्याचे कर्तव्य कायम ठेवले, पण ते नौकानयनाच्या सुरक्षिततेशी आणि सर्वमान्य आंतरराष्ट्रीय मानकांशी जोडले. मासेमारी आणि सागरी पर्यावरण यांचा 'योग्य विचार' करावा, असेही म्हटले. 'काढलेच पाहिजे' पासून 'योग्य विचार करावा' पर्यंतचा हा प्रवास भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. आज्ञार्थाचे विध्यर्थात रूपांतर होताना मधल्या फटीतून काय काय निसटते, याचे ते उदाहरण आहे.

ही मानके आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८९ मध्ये ठरवली. ७५ मीटरपेक्षा कमी खोल पाण्यातील आणि ४,००० टनांपेक्षा कमी वजनाची बांधकामे पूर्णपणे काढावीत; १ जानेवारी १९९८ नंतर उभारलेल्या बांधकामांसाठी ही खोली १०० मीटर धरावी; आणि जिथे काही भाग ठेवण्याची मुभा मिळेल तिथे त्याच्या माथ्यावर किमान ५५ मीटर मोकळे पाणी असावे, असा त्यांचा गाभा. हे आकडे आपल्या समुद्राला लावून पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. मुंबई हायच्या परिसरात पाण्याची खोली साधारण ७५ मीटरच्या आसपास आहे. ५५ मीटर पाणी मोकळे ठेवायचे म्हटले तर खाली जेमतेम २० मीटरचा बुंधा उरतो. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या तापी क्षेत्रात तर पाण्याची एकूण खोलीच त्या ५५ मीटरांहून बरीच कमी आहे. तिथे 'काही भाग ठेवू' हा पर्याय मानकांच्या चौकटीत बसतच नाही.

कायद्याच्या या मऊ आवाजाला धार आली ती १९९५ मध्ये, एका तेलाच्या साठवणीच्या टाकीमुळे. 'ब्रेंट स्पार' नावाची शेल कंपनीची तरंगती टाकी अटलांटिक महासागराच्या खोल तळाशी बुडवण्याची परवानगी ब्रिटिश सरकारने दिली होती. ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी एप्रिल १९९५ च्या अखेरीस ती टाकी ताब्यात घेतली. जर्मनीत शेलच्या पेट्रोल पंपांवर बहिष्कार पडला आणि २० जून १९९५ रोजी कंपनीने बेत सोडला. टाकी नॉर्वेत नेऊन कापली गेली आणि तिचे तुकडे एका धक्क्याच्या पायात वापरले गेले. या प्रकरणाला एक उपकथानक आहे. टाकीत सुमारे ५,५०० टन तेल असल्याचा जो अंदाज ग्रीनपीसने मांडला होता, तो चुकीचा होता आणि संघटनेने त्याबद्दल सप्टेंबर १९९५ मध्ये जाहीर क्षमा मागितली. बुडवणे पर्यावरणाला कमी घातक ठरले असते, असे मानणारे शास्त्रज्ञ तेव्हाही होते. आकडा चुकला, म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. लोकांनी विचारले होते ते इतकेच की, घरातला कचरा शेजारच्या विहिरीत टाकायची परवानगी कोणी कोणाला दिली? १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी ओस्पार करारान्वये निरुपयोगी प्लॅटफॉर्म समुद्रात टाकण्यास वा तसेच ठेवण्यास बंदी केली. १०,००० टनांहून जड पोलादी बुंधे आणि काँक्रीटचे पाय यांच्यापुरती अपवादाची वाट ठेवली गेली. समुद्रतळावरील नळांना हा निर्णय लागूच नव्हता. त्या नळांचे बरेचसे जाळे आजही साफ करून तळाशीच ठेवले जाते.

अटलांटिकच्या दुसऱ्या तीरावर याच सुमारास अगदी उलट विचार रुजत होता. मेक्सिकोच्या आखातात हजारो प्लॅटफॉर्म उभे होते आणि त्यांच्या पायांभोवती मासे जमतात, हे गळ टाकणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अमेरिकेने १९८४ मध्ये मासेमारी संवर्धनाचा कायदा करून कृत्रिम प्रवाळभिंतींना मान्यता दिली. लुईझियाना आणि टेक्सास या राज्यांनी पुढच्या काही वर्षांत आपापल्या योजना आखल्या. जुना प्लॅटफॉर्म वरून कापायचा, त्याचा बुंधा आडवा पाडायचा किंवा खालचा भाग तसाच ठेवायचा आणि मालकी राज्याकडे द्यायची. वाचलेल्या खर्चातला काही वाटा कंपनीने राज्याच्या निधीत भरायचा. अशा रीतीने ५०० हून अधिक प्लॅटफॉर्म तिथे प्रवाळभिंती म्हणून नोंदले गेले आहेत. 'फ्लॉवर गार्डन बँक्स' या १९९२ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत तर १९८१ पासून एक वायूचा प्लॅटफॉर्म उभाच होता. अभयारण्य मागून आले, प्लॅटफॉर्म आधीपासून होता. २०१८ मध्ये त्याचा वरचा भाग काढण्यात आला आणि खालचा बुंधा, त्यावर वाढलेल्या जीवांसह, मागे ठेवण्यात आला. संरक्षित समुद्रात माणसाने केलेल्या बांधकामाचे काय करावे, या प्रश्नाचे हे एक ठळक उदाहरण होय.

या विचाराच्या बाजूने पुरावा नाही असे नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचे प्लॅटफॉर्म, तळाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने, जगातल्या सर्वाधिक मत्स्योत्पादक अधिवासांपैकी असल्याचे आढळले. कारण समजण्यासारखे आहे. गाळाच्या सपाट तळावर उभ्या राहिलेल्या जाळीदार मनोऱ्यावर पृष्ठभागापासून तळापर्यंत शिंपले, कालवे, स्पंज, मऊ प्रवाळ यांना बसायला कठीण जागा मिळते. त्यांच्या आधाराने लहान मासे राहतात आणि लहानांमागे मोठे येतात. शिवाय सागरी कायद्याने अशा बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र आखता येते. तिथे जाळी ओढणारे ट्रॉलर शिरत नाहीत. म्हणजे कोणीही घोषित न केलेले एक लहानसे अभयारण्य आपोआप तयार होते. प्लॅटफॉर्म निघाला की ते संरक्षणही निघते.

विरुद्ध बाजूचे मुद्दे तितकेच वजनदार आहेत. मासे तिथे वाढतात की दुसरीकडचे मासे तिथे नुसते गोळा होतात, हा वाद जुना आहे आणि उत्तर ठिकाणागणिक बदलते. उत्तर समुद्रातील जुन्या प्लॅटफॉर्मांच्या पायथ्याशी खोदकामातून निघालेल्या तेलमिश्रित चुऱ्याचे ढीग साचले आहेत. ते हलवले तर विष पसरते, न हलवले तर दीर्घकाळ झिरपते. नळांच्या आणि टाक्यांच्या आतल्या थरात पारा आणि नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्ये आढळतात. पाय तोडण्यासाठी स्फोटके वापरली तर परिसरातील मासे मरतात आणि कासवे व डॉल्फिन यांना इजा होते. वाळूमिश्रित पाण्याच्या झोताने वा हिऱ्याच्या तारेने कापणे अधिक सौम्य, पण वेळखाऊ. आणखी एक मुद्दा परक्या जीवांचा. नारिंगी रंगाचा 'ट्युबास्ट्रिया' प्रवाळ मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरांचा. अटलांटिकमध्ये तो पोहोचला आणि ब्राझीलपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत प्लॅटफॉर्मच्या पायऱ्या चढत पसरला. म्हणजे प्लॅटफॉर्म हा जीवांना घर देतो तसा परक्यांना पूलही देतो. कोणता जीव परका, हे अर्थात त्या त्या समुद्रावर अवलंबून आहे. म्हणूनच एका समुद्रातला निष्कर्ष दुसऱ्यात जसाच्या तसा आणता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. पन्ना, मुक्ता आणि तापी या क्षेत्रांसाठीचा उत्पादन-वाटपाचा करार डिसेंबर १९९४ मध्ये पंचवीस वर्षांसाठी झाला. भागीदार होते ओएनजीसी (४० टक्के), रिलायन्स (३० टक्के) आणि एन्रॉन (३० टक्के). एन्रॉन हे नाव मराठी वाचकाला दाभोळमुळे परिचित आहे. समुद्रातल्या या वाट्याची आठवण मात्र फारशी कोणाला नसते. २००१ च्या अखेरीस एन्रॉन कोसळली. २००२ मध्ये तिचा वाटा ब्रिटिश गॅसने घेतला. २०१६ मध्ये ब्रिटिश गॅस शेलमध्ये विलीन झाली. त्याच सुमारास मध्य आणि दक्षिण तापीतील उत्पादन थांबले होते. डिसेंबर २०१९ मध्ये कराराची मुदत संपली आणि पन्ना-मुक्ता ओएनजीसीकडे परत गेले. मध्य व दक्षिण तापीतील पाच प्लॅटफॉर्म काढून टाकण्याचे आणि ३८ विहिरी कायमच्या बुजवण्याचे काम पूर्ण झाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. भारताच्या समुद्रातील तेल-वायू बांधकामे अशा रीतीने संपूर्णपणे काढण्याची ही पहिली वेळ.

या इतिहासात एक तपशील आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. करारावर सही करताना जो परदेशी भागीदार होता, तो शेवटाच्या आधीच नाहीसा झाला. त्याच्या जागी आलेलाही नाहीसा झाला. पोलाद मात्र पाण्यात उभेच होते. माणसांच्या संस्था पोलादापेक्षा अल्पायुषी निघाल्या. म्हणूनच शेवटाचा पैसा आरंभीच बाजूला काढून ठेवण्याची व्यवस्था लागते. आपल्याकडे १९९९ मध्ये स्थळ पुनर्स्थापना निधीची योजना आली. कंपन्यांनी त्यात रक्कम भरावी म्हणून आयकरात सवलत दिली गेली. २००८ मध्ये सागरी तेल उत्खननाच्या सुरक्षिततेचे नियम आले. म्हणजे मुंबई हायमध्ये उत्पादन सुरू झाल्यानंतर सुमारे पाव शतकाने निधी आला आणि तीन दशकांनी नियम आले. आपल्या समुद्रातील बांधकामांचा मोठा भाग शेवटाचा विचार कायद्यात येण्यापूर्वीच उभारलेला आहे.

हा विषय भंडारा जिल्ह्यातून पाहणाऱ्यास दूरचा वाटेल. तुमसर तालुक्यातल्या आंबागडाच्या तटावरून दिसतो तो सातपुड्याचा वनप्रदेश. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. परंतु दोन कारणांनी ही जागा या प्रश्नाशी जोडलेली आहे. पहिले कारण मँगनीज. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणींतून मँगनीज निघते आणि मँगनीजवाचून पोलाद होत नाही. समुद्रातला प्रत्येक प्लॅटफॉर्म हा कुठल्या ना कुठल्या डोंगराचा उपसलेला भाग आहे. आणि डोंगराच्या बाबतीत आपण एक गोष्ट आधी शिकलो : २००३ पासून खाणमालकाला खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी द्यावी लागते. उपसलेल्या खड्ड्याकाठी गाव असते, गावाला ग्रामसभा असते, म्हणून तो खड्डा नजरेआड होत नाही. समुद्रतळाला ग्रामसभा नाही.

दुसरे कारण खुद्द गड. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाच्या वतीने या भागाचा कारभार पाहणाऱ्या राजा खान पठाणाने सन १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात त्याचा उपयोग तुरुंग म्हणून झाला. गडावरच्या आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी कैद्यांना पाजले जाई व त्याने ते मरत, अशी कथा जुन्या गॅझेटियरपासून सांगितली जाते. राज्ये गेली, तुरुंग गेला, गड ओस पडला. तटावर झाडे आली, जंगल आत शिरले. आज कोणी विचारले की या गडाने निसर्गाची हानी केली का, तर कोणीही नाही म्हणेल. दगड डोंगरातला होता, डोंगरात राहिला. मात्र गडाचे जतन करायचे ठरले की पहिला प्रश्न तटातून उगवलेल्या झाडांचा येतो. पिंपळाची मुळे ठेवली तर बुरूज फुटतो, काढली तर त्या झाडावर वसलेले जीव जातात. महाराष्ट्रातील कोणत्याही किल्ल्यावर काम करणाऱ्यांना हा पेच परिचित आहे. ओसाड बांधकामावर नवे जीवन वसले म्हणजे ते बांधकाम कोणाचे, बांधणाऱ्याचे की वसणाऱ्यांचे?

उपमा इथवरच चालते. दगडाचा गड आणि तेलाचा प्लॅटफॉर्म यांत मोठा भेद आहे आणि तो आंबागडाच्याच कथेत दडलेला आहे. गडाचा तट निरुपद्रवी झाला. भीती उरली ती विहिरीची. तेलप्लॅटफॉर्मच्या बाबतीतही चर्चा दिसणाऱ्या बुंध्याची होते. छायाचित्रे त्याची छापली जातात, मासे त्याच्याभोवती फिरतात, 'प्रवाळभिंत' हे गोड नाव त्याला मिळते. खरा धोका त्याखालच्या विहिरींचा. हजारो फूट खोल गेलेल्या प्रत्येक विहिरीत ठिकठिकाणी सिमेंटचे बूच बसवावे लागतात. ती बुचे पिढ्यानुपिढ्या टिकावी लागतात, नाहीतर वायू आणि तेल पुन्हा वर येण्याचा मार्ग शोधतात. तापीतील पाच प्लॅटफॉर्मांपेक्षा त्या ३८ विहिरी बुजवणे हे आम्हाला अधिक महत्त्वाचे काम वाटते. दुर्दैवाने त्याचे छायाचित्र निघत नाही.

भारतातील संरक्षित समुद्रांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चे. त्यातून कच्च्या तेलाचे नळ नेण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये नळाच्या बाजूने निकाल लागला. नळ टाकताना होणारी हानी तात्पुरती असते, असा युक्तिवाद अशा प्रसंगी होतो. परंतु नळाचे आयुष्य संपेल तेव्हा प्रवाळांमधून तो उपसून काढायचा की गाळात तसाच ठेवायचा, हा प्रश्न टाकतेवेळीच विचारायला हवा. महाराष्ट्रात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, म्हणजे समुद्राच्या मानाने ओंजळभर. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभरएक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेला 'आंग्रिया बँक' हा पाण्याखालचा प्रवाळयुक्त पठारी प्रदेश आहे. ज्या समुद्रात नैसर्गिक प्रवाळ इतके थोडे आणि इतके कमी संरक्षित आहेत, तिथे जुने पोलाद ठेवून त्यास प्रवाळभिंत म्हणणे म्हणजे खरे रान तोडू देऊन कुंडीतल्या तुळशीचा हिशेब देण्यासारखे आहे.

या सर्व चर्चेत ज्यांचे नाव क्वचितच येते ते कोळी बांधव. उत्तर कोकणच्या समुद्रात डोल जाळ्यांनी बोंबील पकडण्याची पद्धत पुरातन आहे. समुद्रतळात खांब रोवून, भरती-ओहोटीच्या प्रवाहात जाळे उभे करायचे. कोणत्या कुटुंबाचा खांब कोणत्या जागी, हे परंपरेने ठरलेले असते. म्हणजे समुद्रात खांब रोवणारे ओएनजीसी हे काही पहिले नव्हेत. फरक असा की डोलीचा खांब कोणाचा हे गावाला ठाऊक असते, तो मोडला तर कोणी काढायचा हेही ठाऊक असते. पोलादी खांबांनी मासेमारीची जागा व्यापली, सुरक्षा क्षेत्रांनी वाट वळवली. आता ते खांब निघताना तळाशी राहिलेला एखादा तुटका नळ वा बुंधा जाळे फाडू शकतो. उलटपक्षी, प्लॅटफॉर्म निघाल्यावर मोकळ्या झालेल्या पट्ट्यात यांत्रिक ट्रॉलर शिरले, तर तिथे वाढलेले मासे काही हंगामांत संपतील आणि लाभ पारंपरिक मच्छीमाराला होणार नाही. म्हणून काढणे वा ठेवणे हा निर्णय केवळ कंपनी आणि मंत्रालय यांच्यातला असू नये.

मराठी साहित्यातही हा समुद्र आलेला नाही. आपल्या कवितेतला समुद्र बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ने (१९३९) तो बोटीवरून पाहिला. समुद्राच्या मध्यभागी आठवडेच्या आठवडे लोखंडावर राहणाऱ्या कामगाराचा समुद्र मात्र आमच्या वाचनात ठळकपणे आलेला नाही. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म एका सहायक जहाजाच्या धडकेनंतर जळून कोसळला, २२ माणसे गेली. आदल्याच दिवशी मुंबई पुरात बुडाली होती आणि त्या पुराच्या आठवणीत ही आठवण वाहून गेली. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि पुन्हा कित्येक कामगार गेले. या समुद्राची स्मृती आपल्या भाषेत साठत नाही, म्हणून त्याच्या शेवटाचा प्रश्नही भाषेत उतरत नाही. हे न्यून साहित्याचे आहे आणि ते भरून काढणे साहित्याशी संबंधित माणसांचे काम आहे.

मग करावे काय? आमचे मत असे. तापीसारख्या उथळ, गढूळ आणि तीव्र प्रवाहांच्या पाण्यात बांधकाम पूर्ण काढणे हेच योग्य होते आणि ते झाले याचे समाधान आहे. मुंबई हायसारख्या क्षेत्रात एकच सूत्र सर्वत्र लावू नये. प्रत्येक प्लॅटफॉर्मवर कोणते जीव वसले आहेत, पायथ्याशी काय साचले आहे, याची पाहणी काढण्याच्या कितीतरी आधी व्हावी आणि ती जनतेस उपलब्ध असावी. एखादा बुंधा ठेवायचाच तर त्याची मालकी आणि जबाबदारी कोणाकडे, हे नावानिशी लिहिलेले असावे. प्लॅटफॉर्म काढल्यावर त्या जागेचे संरक्षण टिकवायचे असेल तर ते उघडपणे अभयारण्य वा मासेमारी-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करावे, योगायोगावर सोपवू नये. आणि 'ठेवण्याने वाचलेला खर्च' हा आकडा निसर्गप्रेमाच्या भाषेआड लपवू नये. तो उघड मांडला तर त्यावर प्रामाणिक वाद घालता येईल.

हा वाद तातडीचा नाही, असे वाटण्याचा संभव आहे. मुंबई हायमधील घटते उत्पादन सावरण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये बीपी कंपनीची तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड झाली. 'सागर सम्राट'चे रूपांतर फिरत्या उत्पादन केंद्रात करून ते डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा कामाला लागले. म्हणजे ती रिग पन्नाशीच्या उंबरठ्यावर नव्या नोकरीत रुजू झाली. जुन्या वस्तूचा पुनर्वापर ही आपल्या संस्कृतीला न शिकवता येणारी गोष्ट आहे आणि हे तिचे चांगले उदाहरण. परंतु आयुष्य वाढवणे म्हणजे शेवट टाळणे नव्हे. शेकडो बांधकामांचा शेवट येत्या काही दशकांत एकदमच दाराशी येईल, तेव्हा निर्णय घाईत होतील आणि घाईतले निर्णय सहसा स्वस्तातले असतात.

विसर्जनापूर्वी उत्तरपूजा करावी लागते. देवत्व काढून घेतल्याशिवाय मूर्ती पाण्यात जात नाही, कारण आवाहन ज्याने केले त्यानेच निरोप द्यायचा असतो. तेलप्लॅटफॉर्मच्या बाबतीत मागणी याहून मोठी नाही. ज्यांनी समुद्रातून तेल काढले, त्यांनीच विहिरी बुजवाव्यात, गाळ साफ करावा, काय ठेवले आणि काय नेले याची नोंद करावी आणि ती नोंद पुढच्या पिढीच्या हाती द्यावी. डीकमिशनिंगसाठी मराठी शब्द कोणता रूढ होईल, हे आज सांगता येत नाही. तो 'मोडीत काढणे' असला तर आपण फक्त पोलादाच्या भावाचा विचार केला असेल. तो 'विसर्जन' असला तर समुद्राला पुन्हा एकदा गृहीत धरले असेल. आम्हाला वाटते, त्या शब्दात 'परतफेड' हा अर्थ असावा.